घडीची रेघ

हळबेबाईंना घरचा पत्ता विचारायचा नसतो, हे आमच्या इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाला एकदा चुकल्यावरच कळायचं. डावीकडे, उजवीकडे हे शब्द बाई वापरतच नसत. "नदीच्या उतारानं खाली या. चौथी इमारत. चढाच्या बाजूला गेलात तर चुकलात," एवढं सांगून त्या फोन ठेवून द्यायच्या. शनिवार पेठेत येणाऱ्या माणसाला मुठा कुठून कुठे वाहते हे ठाऊक असायलाच हवं, यात त्यांना काही विशेष वाटत नसे. गॅसवाला, कुरियरवाला, विजेचा मीटर बघायला येणारा, सगळे निदान एकदा नदीपर्यंत जाऊन, पाण्याकडे बघून, मग परत आलेले आहेत. एक कुरियरवाला तर मला म्हणाला होता, "काका, त्या मॅडमचं पार्सल असलं ना, की मी आधी ब्रिजवर जातो."

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. मी त्यांचा खालच्या मजल्यावरचा शेजारी. माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी ठेवण्यात गेली. बाईंच्या लेखी माझ्यात गुण एकच होता, तो म्हणजे माझ्याकडे चालू स्थितीतली गाडी होती. त्या गाडीमुळेच आमची ओळख झाली, आणि ती काही फार चांगल्या प्रकारे झाली नाही.

इमारतीखाली गाड्यांसाठी पांढऱ्या रेघा मारायला रंगारी आला होता. आम्ही चार-सहा रिकामे लोक बघत उभे होतो, कारण निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय असतो. तिसऱ्या रेघेत त्याचा ब्रश जरा हलला. तो म्हणाला, "चालेल की." झालं. वरच्या खिडकीतून आवाज आला, "थांबा." बाई खाली आल्या. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. रंगाऱ्याला म्हणाल्या, "चालेल म्हणजे चालत नाही, हे तुम्हालाही कळतंय." मग पाटावर बसून त्यांनी ओला रंग त्या ब्लेडनं फरशीवरून खरवडून काढला, रंगाऱ्याच्या हातातला ब्रश घेतला, ओठ घट्ट मिटले आणि श्वास रोखून एका दमात रेघ ओढली. रेघ संपली तेव्हा त्यांनी श्वास सोडला. त्याबरोबर आम्ही सहा जणांनीही सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी होती: "आपलं मागचं चाक रेघेवर आहे. मा. ह."

मालती हळबे. एका सरकारी नकाशा-कचेरीत त्या ट्रेसर होत्या. सरकारी भाषेत अनुरेखक. नकाशाच्या मूळ कागदावर मेणचट, अर्धवट आरपार दिसणारं कापड ताणून बसवायचं आणि खाली दिसणाऱ्या रेघेवरून शाईचं पेन फिरवायचं, हे काम. त्या कापडावरून पुढे नकाशे छापले जात. डोंगर, रस्ते, गावाच्या शिवा, जंगलाच्या हद्दी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. चित्रकलेची आवड होती का, असं आमच्या हिनं एकदा भाबडेपणानं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मी काही काढत नाही हो. असलेलं उतरवते. कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. किराणावाल्याच्या यादीपासून सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तापर्यंत सगळीकडे ते लागू व्हायचं.

कामाचे नियम त्यांनी घरात आणले होते. श्वास रोखून फक्त रेघच नव्हे, चहासुद्धा ओतायच्या. अर्ध्या ब्लेडनं शाईची चूक खरवडायची सवय होती, म्हणून दुधाची पिशवी, पोस्टाचं पाकीट, कोथिंबिरीची जुडी, सगळं ब्लेडनं. आणि नदी म्हटली की बाईंचा सूरच बदलायचा. नदी नेहमी उगमाकडून खाली काढायची. वर केसासारखी बारीक, मग उतरता उतरता जाड. उलटी काढलेली त्यांना लगेच कळायची. "पाणी चढाला लागलंय बघा," असं म्हणून त्या कुणाच्याही भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या नकाशाला नावं ठेवत. तिसरा नियम सगळ्यांत कडक होता. नदी सुरू केली की मध्येच पेन उचलायचं नाही. उचललं की जोड दिसतो.

एवढ्या नद्या काढल्या, पण पाहिल्या किती, असं मी एकदा विचारलं. बाईंनी खिडकीबाहेर बोट केलं. मग म्हणाल्या, "मुठा." आणि मुठेला आता नदी म्हणावं का, हा प्रश्न पुण्यात कुणी चारचौघांत विचारत नाही. मला तेव्हा वाईट वाटलं, हे कबूल करतो. चौतीस वर्षं या बाईनं टेबलावर वाकून अर्धा सह्याद्री उतरवला आणि त्यातलं एक पाणी हाताला लागलं नव्हतं. लग्न केलेलं नाही, कुठे गेल्या-आल्याचं ऐकिवात नाही. कारण विचारायची माझी छाती नव्हती.

म्हणून आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळानं डिसेंबरात सहल ठरवली, ती वेल्ह्याच्या पलीकडच्या राखीव जंगलात, तिथल्या नदीकाठानं चालायची, तेव्हा मी बाईंना मुद्दाम सांगायला गेलो. नदीचं नाव ऐकून त्या आत गेल्या आणि एक मोठी गुंडाळी घेऊन आल्या. त्या जंगलाच्या नकाशाची छापील प्रत. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मा. ह.' "ही माझी आहे," त्या म्हणाल्या. नदीचं नाव मी इथे लिहीत नाही. बाईंनी बजावून ठेवलंय की नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथे पन्नास गाड्या आणि पाचशे वेफर्सच्या पिशव्या जातील. त्या नाहीत म्हणून मी लगेच शेफारलो, असं व्हायला नको.

त्या दिवशी बाईंचं जे रूप पाहिलं ते मी विसरणार नाही. बसमध्ये बाकीचे भेंड्या लावत होते, बाई खिडकीशी नकाशा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जंगलाच्या नाक्यावर आम्हाला वाट दाखवायला बबन ढेबे आला. वनखात्याकडे रोजावर काम करणारा, त्याच जंगलातल्या धनगरवाडीचा, पन्नाशीचा सडपातळ माणूस. तो पुढे, बाई त्याच्या मागे, आणि आम्ही सगळे गुडघ्यांच्या तक्रारींसकट त्यांच्या मागे. आणि बाई नदी आधीच सांगायला लागल्या. "आता दक्षिणेला वळेल." नदी वळायची. "आता मध्ये एक खडकाचं बेट." बेट यायचं. बबन पहिल्यांदा हसला, मग थबकला, मग मला हळूच विचारतो, "बाई हितल्या हायेत का?" मी म्हटलं, नाही, शनिवार पेठेतल्या. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणेन, पण तो शब्द त्यांनी कधी वापरू दिला नसता. एखाद्या माणसाला वर्षानुवर्षं नुसती पत्रं लिहावीत आणि तो दारात येऊन उभा राहावा, तशा त्या चालत होत्या.

मग एका उतारावरून, दाट झाडीतून एक ओढा आडवा आला. घोट्याच्या वर पाणी, थंडगार आणि खळाळतं. बाकीचे बूट काढायला लागले. बाई तशाच उभ्या. नकाशा उघडला, मिटला, परत उघडला.

"हा इथे नाही," त्या म्हणाल्या.

बबननं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. "बाई, ह्यो हितंच हाय. माझा आजा ह्याचंच पानी पीत व्हता."

मग तो सांगायला लागला, आणि तो जे सांगत होता त्यात गाऱ्हाण्याचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. याच जागेवरून उन्हाळ्याच्या आत गाडीवाट होणार होती. वणवा लागला तर पाण्याची गाडी आत पोचावी म्हणून. वाट हवीच होती, त्याबद्दल वाडीचं काही म्हणणं नव्हतं. पण ओढ्यावर सरळ दगडमातीचा भराव पडणार होता, खालून पाणी जायला मोरी नाही. हा ओढा खाली नदीला मिळायच्या आधी वाडीचं टाकं भरतो, आणि वैशाखात वाडीला पाणी मिळतं ते त्या टाक्याचं. भराव पडला की संपलं. वाडीतल्यांनी दोनदा सांगून पाहिलं होतं. "कागदावर वढाच न्हाई म्हनत्यात," बबन म्हणाला. "मंग मोरी कशापायी टाकायची?"

परतीच्या बसमध्ये बाई एक शब्द बोलल्या नाहीत. बाई गप्प बसल्या की माणसाला सुटल्यासारखं वाटायला हवं, पण त्या दिवशी मलाच चैन पडेना. कात्रजच्या अलीकडे एवढंच म्हणाल्या, "मोजणीवाल्यांनी सोडला असणार. मूळ कागदावरच नसेल." आणि थोड्या वेळानं, "असता तर माझ्या हातून सुटला नसता." मी म्हटलं, नाहीच सुटणार. खुशामत म्हणून नव्हे, मला खरोखर तसंच वाटत होतं.

आठवड्याच्या आत त्यांनी मला गाडी काढायला लावली आणि आम्ही त्यांच्या जुन्या कचेरीत गेलो. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, तरी तिथल्या कारकुनानं बाईंना पाहून हातातला वडापाव लपवला. जुना मूळ कागद आणि त्यावरचं बाईंचं कापड, दोन्ही सापडली. मूळ कागद चार घड्या घातलेला. घडीत वर्षांची धूळ बसून काळ्या रेघा पडलेल्या, पेनानं मारल्यासारख्या. बाईंनी भिंग लावलं. एका घडीवरून, अगदी घडीच्या वळणात मिसळून, एक बारीक रेघ उतरत होती आणि नदीला जाऊन मिळत होती. खरी रेघ. शाईची. बबनचा ओढा.

मग बाईंनी आपलं कापड खिडकीशी उजेडात धरलं. मी शेजारी उभा. त्यांचं बोट कापडावरून सरकत एका जागी थांबलं. तिथे कापडाची चमक गेली होती, जरा खरखरीत झालं होतं.

"खरवडलंय," त्या म्हणाल्या.

"कुणी?" मी विचारलं. काही प्रश्न तोंडातून गेल्यावरच मूर्खपणाचे वाटतात.

बाईंनी कोपऱ्यातल्या 'मा. ह.'कडे बोट केलं. बराच वेळ तिथेच उभ्या राहून त्या बोलत होत्या, माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. त्यांना सगळं आठवत होतं. रेघ त्यांनी बरोबर उतरवली होती. मग तपासताना दिसलं की ती थेट घडीवरून गेली आहे. वाटलं, आपण घडीतल्या धुळीवरून पेन फिरवलं. लाज वाटली. साहेबांच्या नजरेला पडायच्या आत ब्लेडनं खरवडली, वर नखानं घासून गुळगुळीत केली. इतक्या सफाईनं केली की कुणाला पत्ता लागला नाही, तीस वर्षं. "आयुष्यात एकदाच वाटलं, आपला हात चुकला," त्या म्हणाल्या. "हात चुकला नव्हता हो."

 मी म्हटलं, चला, कुठे चहा घेऊ. त्या म्हणाल्या, नको. त्या दिवसानंतर अर्धं ब्लेड मी त्यांच्या हातात पाहिलं नाही. दुधाची पिशवी कात्रीनं कापायला लागल्या.

आता चूक कबूल करायची होती, आणि ती लेखी. हे काम हळबेबाईंना किती जड, हे आमच्या इमारतीत कुणालाही विचारा. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीची तारीख त्यांनी चुकीची सांगितली होती, तेव्हा त्यांनी कॅलेंडर चुकल्याचं म्हटलं होतं. अर्जाचा पहिला मसुदा त्यांनी मला वाचायला दिला. त्यात कागदाच्या घडीचा दोष होता. मी चष्मा पुसला. संध्याकाळी दुसरा आला, त्यात कचेरीतल्या अपुऱ्या उजेडाचा दोष. मी परत चष्मा पुसला. तिसऱ्यात, त्या काळी धुळीच्या बंदोबस्ताकडे झालेलं दुर्लक्ष. "तुमच्या चष्म्याला काही झालंय का?" बाईंनी विचारलं. चौथा मसुदा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराच्या फटीतून आत आला. चार ओळींचा. त्यात लिहिलं होतं की अमुक नकाशावर अमुक ठिकाणचा ओढा मूळ कागदावर होता आणि तो मी माझ्या हातानं खरवडून काढला. चूक माझी आहे. ओढा तिथे आहे. मी स्वतः पाहिला आहे. खाली पूर्ण सही, मालती गजानन हळबे. मला गहिवरून आलं. मी तसं बाईंना सांगितलं नाही, कारण त्यांनी अर्ज परत घेतला असता.

तिथल्या वनक्षेत्राची अधिकारी तिशीतली मुलगी निघाली, शिंदे मॅडम. चांगली होती, अदबशीर होती, पण कामाच्या डोंगराखाली दबलेली. म्हणाली, "मॅडम, सॅटेलाइट इमेजवर तिथे फक्त झाडी दिसते. कॅनोपी इतकी डेन्स आहे की खालचा स्ट्रीम दिसतच नाही. आणि जुन्या शीटवरही काही नाही, म्हणून प्लॅनमध्ये मोरी धरली नाही." तिनं अर्ज वाचला. परत वाचला. मग वर बघून जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "असं कुणी लिहून देत नाही हो."

"मग द्यायला पाहिजे," बाई म्हणाल्या.

एवढ्यानं भागणार नव्हतं. भरावाचं काम पंधरा दिवसांत सुरू होणार होतं. त्याआधी ओढा नव्यानं नोंदवायचा तर त्याच्या काठानं चालत जीपीएसच्या यंत्रावर त्याची वाट उतरवून घ्यायला हवी होती. शिंदे मॅडम म्हणाली, आमचा माणूस जाईल, नदीपासून सुरू करून वर उगमापर्यंत, ते सोपं पडतं. बाईंच्या चेहऱ्यावर पार्किंगच्या रेघेच्या दिवशीचे भाव आले. "नदीपासून वर?" मग त्या मुलीला पाव तास समजावण्यात आलं की पाणी कुठून कुठे जातं. शेवटी ठरलं की वरून सुरू करायचं आणि बाई बरोबर येणार. एकाहत्तर वर्षांच्या बाई, एक गुडघा निकामी. मी टेबलाखालून त्या मुलीला खुणा करत होतो, नाही म्हण, नाही म्हण. तिनं त्या पाहिल्या आणि हो म्हणाली. वर माझ्याकडे बघून, "काका पण येणार ना?"

निघताना तिनं जरा लाघवीपणे सुचवलं की नकाशावर ओढ्याला नाव लागेल, तर 'हळबे ओढा' लिहू या का. बाई थांबल्या. म्हणाल्या, "चूक केल्याबद्दल नाव देतात, हे माहीत नव्हतं. आधी सांगितलं असतंत तर आणखी दोन-चार केल्या असत्या." मग बबनला विचारायला सांगितलं. बबनच्या वाडीत त्याला नुसता वढा म्हणतात.

जीपनं पठारावर गेलो. शिंदे मॅडमच्या हातात ते यंत्र, पुढे बबन, मग बाई, मग मी. उगम म्हणजे एका जांभळीच्या मुळाशी ओला दगड, बाकी काही नाही. बाईंनी त्यावर तळहात ठेवला आणि मॅडमला म्हणाल्या, "इथून. एकदम बारीक." यंत्राला बारीक-जाड काही कळत नव्हतं, पण त्या मुलीनं मान डोलावली. मग उतार सुरू झाला. ओढा कारवीतून, दगडांतून, कुठे पानांखालून, आणि त्याच्या काठानं आम्ही. मी दोनदा पडलो. कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

अर्ध्या उतारावर बाईंचा गुडघा बसला. दगडाला टेकून उभ्या राहिल्या, ओठ मिटलेले, चेहरा पांढराफटक. बबननं पाणी दिलं. शिंदे मॅडम घाबरली. म्हणाली, तुम्ही बसा, आम्ही पुढचं करून येतो, नाहीतर आज इथेच थांबवू, उद्या इथूनच पुढे करू. मीही तेच म्हटलं, जरा चढ्या आवाजात. राग आला होता मला. एका रेघेसाठी माणसानं जीव द्यायचा का, असं काहीतरी बोललो.

"जोगळेकर," बाई म्हणाल्या, "ही रेघ एकदा खरवडली होती. आता मध्येच पेन उचलणार नाही."

मग त्यांनी पदर खोचला आणि शनिवार पेठेतल्या, इस्त्रीची घडी मोडू न देणाऱ्या हळबेबाई त्या उतारावर चक्क बसल्या आणि बसून, हातांनी रेटत, दगडामागून दगड खाली सरकायला लागल्या. बबन पुढे उलटा चालत त्यांच्या टाचा धरत होता. मॅडम यंत्र छातीशी धरून त्यांच्या वेगानं. मी मागे, पिशवी आणि बाईंचा चष्मा घेऊन. कुणी हसलं नाही. म्हणजे मी जरा हसलो, पण डोळ्यांत पाणी होतं तेव्हा, ते धरू नये. नदीच्या काठाला पोचलो तेव्हा साडीची पार लक्तरं झाली होती. बाईंनी यंत्राचा पडदा बघायला मागितला. त्यावर एक निळी रेघ होती, वरपासून खालपर्यंत अखंड. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग बूट काढले, पाय नदीत सोडले आणि आम्हाला तासभर उठू दिलं नाही.

भराव पडला, पण मोरीसकट. उन्हाळ्यात बबनचा फोन आला, टाक्याला पाणी आहे म्हणून. बाईंनी फोन घेऊन विचारलं, मोरी सरळ आहे का. बबन म्हणाला, बाई, तुम्हीच या बघायला.

गणपती उठल्यावरच्या आठवड्यात आम्ही गेलो. बाईंची तब्येत तोवर उतरली होती. दोन मजले चढताना तीन ठिकाणी थांबायच्या आणि प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी दारावरच्या पाटीतली चूक शोधत थांबल्याचं दाखवायच्या. मोरीपर्यंत गाडी गेली. पाणी वरून भरभरून येत होतं, मोरीतून पलीकडे पडत होतं आणि वाडीकडे उतरत होतं. बबन कौतुकानं बाईंच्या तोंडाकडे बघत होता. बाईंनी आधी कठडा पाहिला. अर्धा इंच वाकडा असल्याचं सांगितलं. मग पाण्याकडे वळल्या.

वर जांभळीपासून खालपर्यंत, झाडांच्या फटींतून ओढा पांढरा, तुकड्यातुकड्यानं दिसत होता. बाईंनी उजव्या हाताचं बोट वर केलं, ओठ मिटले, श्वास रोखला. आणि हवेत, उगमापासून, त्या रेघ काढायला लागल्या. वळणं सगळी पाठ. बोट हळूहळू उतरत होतं, कुठे घाई नाही. मला तो रंगाऱ्याचा दिवस आठवला आणि मीही नकळत श्वास धरला. निम्म्या उतारावर, गुडघा बसला होता त्याच्या जरा वरच, बाईंचा श्वास सुटला. खोकल्याची उबळ आली. अंग हललं, पण बोट त्यांनी तिथेच, हवेत, धरून ठेवलं. खाली आणलं नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जोगळेकर, उरलेली तुम्ही काढा."

मी? ज्याच्या गाडीचं चाक कधी रेघेच्या आत राहिलं नाही तो? पण ते बोट वाट बघत होतं. मी माझं बोट त्यांच्या बोटाला टेकवलं, ओठ मिटले आणि तिथून पुढे निघालो. कारवीपाशी एक वळण माझं चुकलं. पुढे खडकावर हात हलला. मोरीतून नेताना तर मला आत काही दिसत नव्हतं, अंदाजानं नेलं. नदीला नेऊन मिळवलं आणि श्वास सोडला. बबन तोंडावर हात ठेवून हसत होता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्या रंगाऱ्याकडे पाहिलं होतं तसंच.

"हलली," त्या म्हणाल्या. मग परत एकदा वरपासून खालपर्यंत सगळा ओढा नजरेनं बघून घेतला.

"चालेल," म्हणाल्या, आणि बबनचा हात धरून गाडीकडे निघाल्या.